अनोळखी पृथ्वी

८ प्रवाशांना घेऊन एक अग्निबाण आकाशात झेपावतो. थोड्याच वेळात निरीक्षकांच्या पडद्यावरून तो दिसेनासा होतो आणि कोठेतरी कोसळतो. ४ जण वाचतात. त्यांतलाही एक मरणाच्या दारात असतो. भोवताली तापलेले खडक, वाळू आणि डोळे दिपवणारे ऊन. पाणी अवघे ५ गॅलन, म्हणजे १९ लिटरांहून थोडे कमीच! आपण एखाद्या अज्ञात लघुग्रहावर येऊन पडलो आहोत, अशी त्या सर्वांची खात्री होते.

'ट्वायलाइट झोन' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या एका भागाची ही कथा. तो १५ जानेवारी १९६० रोजी दाखवला गेला. रॉड सर्लिंग त्याचे लेखक. त्या वेळी एकही मनुष्य अंतराळात गेला नव्हता. यूरी गागारिन यांचे उड्डाण १२ एप्रिल १९६१ चे. 

कथेतील कोरी नावाचा प्रवासी पाण्यासाठी वेडापिसा होतो. मरणोन्मुख सोबत्याला दिलेला घोटही त्याला सहन होत नाही. पुढे तो दुसऱ्या सोबत्यासह टेहळणीस जातो व एकटाच परततो. त्याच्या बाटलीत मात्र आता पाणी अधिक असते! प्रमुखाला संशय येतो. शोध घेता तो दुसरा सोबती अखेरच्या घटका मोजत असलेला सापडतो. त्याला बोलवत नाही. तो बोटाने वाळूत एक उभी रेघ काढतो, तिला छेदणाऱ्या आडव्या रेघा काढतो आणि प्राण सोडतो. त्या खुणेचा अर्थ कोणालाच उमगत नाही. कोरी प्रमुखालाही ठार करतो आणि एकटाच टेकडी चढून जातो. पलीकडे त्याला काय दिसते? टेलिफोनच्या खांबांची रांग! आणि रीनो हे गाव ९७ मैलांवर असल्याची पाटी. त्यांनी पृथ्वी कधी सोडलीच नव्हती.

खानदेशच्या वाचकाला हा देखावा फारसा परका वाटणार नाही. वैशाखात धुळ्याच्या आसपासचे काळे, उघडे डोंगर पाहिले, की तेथे कधी गवत उगवत असेल हे खरे वाटत नाही. परंतु येथला माणूस कोरड्या नदीच्या पात्रात झिरा खणतो आणि पाणी काढतो. भूमी आपली आहे हे त्याला ठाऊक असते. त्या चौघांना तेच ठाऊक नव्हते. ते त्यांना कसे कळले असते?

पहिली खूण श्वासाची. लघुग्रहांवर हवाच नसते. दुसरी खूण वजनाची. लघुग्रहांच्या पट्ट्यातील सर्वांत मोठा गोल म्हणजे सीरीस. २००६ पासून त्याची गणना बटुग्रहांत होते. पृथ्वीवर ३५ किलो वजन असलेला मुलगा तेथे ताणकाट्यावर जेमतेम १ किलो भरेल. कोरी तर जड पावलांनी, धापा टाकीत चालतो! कथा रंगावी म्हणून लेखकाने आपल्या पात्रांची बुद्धी थोडी कमी केली, असे म्हणावे लागते.

तिसरी खूण आकाशाची, आणि ती सर्वांत सुंदर आहे. तारे इतके दूर आहेत, की लघुग्रहावरूनही सप्तर्षी असेच दिसतील. मग फरक कोणता? पृथ्वीचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखलेला आहे. म्हणून इतर तारे फिरतात आणि तो स्थिर भासतो. दुसऱ्या गोलाचा अक्ष दुसरीकडे वळलेला असतो. तेथे ध्रुवही इतरांसारखा फिरताना दिसला असता. शिवाय पृथ्वीवर ध्रुव क्षितिजापासून किती उंच दिसतो, त्यावरून स्थळाचा अक्षांश कळतो. जळगावहून तो सुमारे २१ अंशांवर दिसतो. हात लांब करून मूठ धरली, तर ती साधारण १० अंश व्यापते. म्हणजे या दोन मुठी झाल्या. रीनोजवळ त्या जवळजवळ चार होतील.

हे ज्ञान खानदेशात जुने आहे. चाळीसगावजवळच्या पाटणे येथे भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. त्याला मिळालेल्या दानाचा शिलालेख इ. स. १२०७ च्या सुमाराचा आहे. तेलाच्या घाण्यामागे पळीभर तेल मठाला द्यावे, असाही त्यात उल्लेख आहे. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते, हे भास्कराचार्यांनी 'सिद्धांतशिरोमणि' ग्रंथात १९५० च्या आठशे वर्षे आधी, ११५० मध्ये सांगितले होते. या विद्येचे साधन तरी किती साधे! १२ अंगुळांचा शंकू सपाट जमिनीवर उभा करावयाचा आणि सावली मोजावयाची. विषुवदिनी मध्यान्ही पाटण्यास ती सुमारे साडेचार अंगुळे भरते. रीनोजवळ ती जवळजवळ दहा अंगुळे भरेल. जळगावात तर मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यानंतर एकेका मध्यान्ही सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि शंकूची सावली नाहीशी होते.

पुढे असा प्रसंग खरोखरच घडला. १९ मार्च १९६५ रोजी 'व्होस्खोद २' या सोव्हिएत यानाची स्वयंचलित उतरण्याची यंत्रणा बिघडली. बेल्यायेव आणि लिओनोव यांनी यान हातांनी चालवून उतरवले. पण ते ठरलेल्या जागेपासून फार दूर, पेर्मच्या बर्फाच्छादित अरण्यात पडले. लिओनोव हे अंतराळात यानाबाहेर पडणारे पहिले मानव. आदल्याच दिवशी त्यांनी तो पराक्रम केला होता. कडाक्याच्या थंडीत त्या दोघांनी अरण्यात दोन रात्री काढल्या. शोधपथके त्यांच्यापर्यंत पोहोचली आणि तिसऱ्या दिवशी दोघेही बर्फावरून घसरपट्ट्यांनी चालत हेलिकॉप्टरपर्यंत आले.