ब्रेक दुरुस्ती, मोटारगाडीची
मोटारगाडीच्या द्रवीय ब्रेकमधील झीज, गळती इ. दोष काढून त्याची रोधनक्षमता पूर्ववत करण्याचे काम. भारतात ते बव्हंशी लहान खाजगी गॅरेजांतून होते. पेडलवरील दाब पास्काल नियमानुसार द्रवातून चाकांपर्यंत पोहोचतो. नळीत हवा शिरल्यास दाब ती आकुंचित करण्यातच खर्ची पडतो व पेडल मऊ लागते. ‘एअर काढताना’ एकजण पेडल दाबून धरतो व दुसरा चाकाजवळील निपल सैल करून बुडबुड्यांसह द्रव बाहेर सोडतो. पेडल सुटण्यापूर्वी निपल आवळावेच लागते. एरवी हवा पुन्हा आत ओढली जाते.

ड्रम ब्रेकमधील लायनर (घर्षण-अस्तर) फार झिजल्यास रिव्हेटांची डोकी ड्रमवर ओरखडे पाडतात. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टस असे. त्याची धूळ हवेच्या झोताने उडविण्याची गॅरेजांतील रीत कारागिरांच्या फुप्फुसांना घातक होती. ओल्या फडक्याने पुसणेच योग्य.

ग्लायकॉलयुक्त ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. डॉट ३ प्रतीच्या ताज्या द्रवाचा उकळबिंदू किमान २०५° से., तर ओलावा मुरल्यावरची किमान मर्यादा १४०° से. असते. लांब घाट उतरताना ब्रेक तापून असा जुना द्रव उकळल्यास बाष्पामुळे पेडल खाली जाते. ‘ऑइल’ या प्रचलित नावाने फसून कोणी त्यात इंजिन ऑइल ओतल्यास रबरी वॉशर फुगतात. अशा वेळी केवळ द्रव बदलून भागत नाही. सर्व रबरी भाग बदलून नळ्या धुवाव्या लागतात.