जीबीएसनंतरचा व्यायाम: मात्रा ठरवायची कुणी?

2025च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या पट्ट्यात जीबीएसचे, म्हणजे गुलेन-बॅरे सिंड्रोमचे, रुग्ण एकाएकी वाढले. तेव्हा रोज नवे आकडे छापून यायचे: इतके दाखल, इतके व्हेंटिलेटरवर, इतके घरी सोडले. दोनशेच्या पुढे गेलेला तो हिशेब ‘घरी सोडले’ या रकान्यापाशी मिटायचा. या आजारात मात्र उपचाराचा मोठा भाग त्यानंतरच सुरू होतो. इम्युनोग्लोब्युलिन सहसा पाच दिवसांत शिरेतून देऊन होते, किंवा प्लाझ्मा बदलतात. त्यामुळे मज्जातंतूंवरचा हल्ला आवरतो आणि रुग्ण लवकर सुधारू लागतो. पण गेलेली ताकद पाच दिवसांत परत येत नाही. पुढचे काम फिजिओथेरपीचे आहे, आणि ते गोळ्या-इंजेक्शनांसारखे मात्रा ठरवूनच व्हायला हवे, असे माझे म्हणणे आहे.

आधी शरीरात काय घडते ते पाहू. अनेकदा सुरुवात साध्या जुलाबाने होते. पुण्यातल्या काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला होता. त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडे आपल्याच मज्जातंतूंवर उलटतात. पाय जड होतात, मग हात, कधी श्वासही, आणि दोन ते चार आठवड्यांत अशक्तपणा कळसाला पोचतो. मज्जातंतूचे नुसते आवरण खराब झाले असेल तर ते काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत भरून येते. आतला तंतूच तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढतो. कमरेपासून तळपायापर्यंतचे अंतर मीटरभर धरले, तर हिशेब वर्षांवर जातो. म्हणून मांडी आधी सावरते, पाऊल सर्वांत शेवटी. शेजारशेजारच्या खाटांवरचा एकजण दोन महिन्यांत चालू लागतो आणि दुसऱ्याच्या पायाला वर्षानंतरही स्प्लिंट असते, ते यामुळे. दुसऱ्याला ‘मनच लावत नाही’ म्हणणे हा त्याच्यावर अन्याय आहे.

यावर कुणी विचारील, तंतू आपल्या गतीनेच वाढणार असेल तर व्यायामाने काय साधते? व्यायामाने तंतू भराभर वाढत नाही, हे खरेच. पण तो पोचेपर्यंत पाऊल खाली लोंबकळत राहिले तर टाचेमागची शीर आखडते, आणि ताकद आली तरी टाच जमिनीला टेकत नाही. म्हणून रुग्ण व्हेंटिलेटरवर असतानाच फिजिओथेरपिस्ट त्याचा एकेक सांधा स्वतःच्या हाताने हलवतात, घोटा काटकोनात बांधून ठेवतात. पुढे प्रत्येक स्नायूला 0 ते 5 अशी श्रेणी देतात. 1 म्हणजे हालचाल नाही, पण बोटांखाली स्नायू किंचित आवळल्याचे कळते. 2 म्हणजे पाय वर उचलता येत नाही, पण वजन काढून घेतले तर हलतो. अशा रुग्णाला कुशीवर झोपवून पायाखाली पावडर टाकलेली गुळगुळीत फळी देतात. तिच्यावर गुडघा सावकाश वाकतो, सरळ होतो. त्याच माणसाला घरचे म्हणत असतात, ‘उचल पाय, जोर लाव!’ जोर लावला की तो कंबर वळवतो, श्वास कोंडतो, आणि जो स्नायू जागा करायचा तो तसाच पडून राहतो.

जास्त घाम गाळला की लवकर बरे वाटेल, हा समज त्यामुळेच घातक आहे. मोजकेच तंतू ज्या स्नायूला चालवत असतात तो लवकर दमतो, आणि अति व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी ताकद उलट घटलेली दिसू शकते. पण म्हणून ‘आता नुसता आराम’ हेही चुकीचे. नेदरलँड्समधल्या 2004च्या एका छोट्या अभ्यासात बऱ्यापैकी सावरलेल्या रुग्णांकडून 12 आठवडे, आठवड्यातून तीनदा, देखरेखीखाली सायकलिंग करून घेतले; त्यांचा रेंगाळलेला थकवा बराच कमी झाला. रुग्णसंख्या थोडी असली तरी त्या अभ्यासातला ‘देखरेखीखाली’ हा शब्द मला फार मोलाचा वाटतो. किती वेळा, किती वेळ आणि कुठे थांबायचे, हे कुणीतरी जाणकाराने पाहिले पाहिजे.

आणखी एक आक्षेप पैशांचा. साथीत आधी जीव वाचवायचे, महिनोन्‌महिने फिजिओथेरपी कुठून पुरवायची? जीव वाचवणे पहिले, यात वाद नाही. पण सहा महिन्यांनंतरही पाचांपैकी सुमारे एकाला आधाराशिवाय चालता येत नाही; महागडी इंजेक्शने देऊन त्या माणसाला फळीवरच्या व्यायामाविना सोडणे हीच मला उधळपट्टी वाटते. शिवाय ‘चालतो’ एवढी नोंदही अपुरी आहे. पाऊल पूर्ण वर येत नसेल तर चप्पल पायातून निसटते, जिन्याच्या पायरीला बोटे अडखळतात. उकिडवे बसून हात न टेकता उठता येत नसेल तर भारतीय पद्धतीचा संडास वापरता येत नाही. म्हणून डिस्चार्जच्या कागदावर गोळ्यांच्या वेळांखालीच मुख्य स्नायूंच्या श्रेणी, व्यायामाचा प्रकार आणि संख्या, दुसऱ्या दिवशी अंग गळाले तर काय कमी करायचे, आणि घराजवळच्या दवाखान्यातला फिजिओथेरपिस्ट पुन्हा कधी तपासणार ती तारीख, एवढे लिहिलेले असावे.