सुवार्ता सर्वांना : एका आज्ञेचा अर्थ आणि मराठी प्रदेशातील तिचा प्रवास

मत्तयाच्या शुभवर्तमानाचा शेवट गालीलातील एका डोंगरावर होतो. पुनरुत्थित येशू आपल्या अकरा शिष्यांना तेथून सर्व राष्ट्रांकडे पाठवतो. ख्रिस्ती परंपरा या वचनांना ‘महान आज्ञा’ म्हणते; सुवार्ता सर्वांपर्यंत पोहोचवणे हे कर्तव्य आहे, या श्रद्धेचा मुख्य आधार तीच. मूळ ग्रीक वाक्यात आज्ञार्थी क्रियापद एकच आहे : शिष्य करणे. जाणे, बाप्तिस्मा देणे आणि शिकवणे ही त्याच्या आश्रयाने आलेली कृदंते होत. हा तपशील केवळ व्याकरणाचा वाटतो खरा. पण शिष्य म्हणजे नेमका कोण, हा प्रश्न त्यातूनच उभा राहतो.

हे कर्तव्य सर्वच ख्रिस्ती लोकांना नेहमी मान्य होते असे नाही. अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये अनेक धर्मोपदेशक असे मानत की ही आज्ञा केवळ त्या पहिल्या शिष्यांसाठी होती, आणि ज्यांचा उद्धार ईश्वराने ठरवला आहे त्यांचा तो मानवी खटपटीवाचूनही होईल. पेशाने चांभार असलेल्या विल्यम कॅरी यांनी १७९२ साली एक पुस्तिका लिहून या मताला उत्तर दिले. त्यांचा युक्तिवाद साधा होता. आज्ञा फक्त प्रेषितांना असेल, तर त्याच वाक्यातला बाप्तिस्माही त्यांच्यापुरताच मानावा लागेल. मग मंडळी तो आजवर का देत आली? पुढच्याच वर्षी कॅरी बंगालमध्ये दाखल झाले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नकोसे होते, म्हणून १८०० पासून ते डॅनिश अमलाखालील श्रीरामपुरास राहिले. तेथूनच १८०५ मध्ये त्यांचे मराठी व्याकरण, १८१० मध्ये मराठी-इंग्रजी कोश आणि १८११ मध्ये मराठी नवा करार बाहेर पडला. सुवार्ता ‘सर्वांना’ सांगायची तर ती ऐकणाऱ्याच्या भाषेत सांगावी लागते, एवढ्या एका गोष्टीचा मराठी गद्याला झालेला लाभ मोठा आहे.

या इतिहासाचा दुसरा धागा मॅसॅच्युसेट्समध्ये सुरू होतो. १८०६ साली विल्यम्सटाउन येथे वादळात गवताच्या गंजीआड थांबलेल्या पाच विद्यार्थ्यांनी आशियात सुवार्ता नेण्यासाठी प्रार्थना केली. १८१२ च्या फेब्रुवारीत सेलमच्या चर्चमध्ये पाच तरुणांना दीक्षा मिळाली. त्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट हे दोघे पुढच्या वर्षी मुंबईत उतरले. सरकारने त्यांना परत जाण्याचा हुकूम केला. अर्जविनंत्यांनंतर कसाबसा मुक्काम मंजूर झाला. हॉल मराठी शिकले, रस्त्यांवर व देवळांच्या आवारात बोलू लागले आणि १८२६ साली नाशिकहून परतताना पटकीने वारले. अमेरिकन मराठी मिशनचा आरंभ असा झाला.

मात्र या कर्तव्याला सत्तेची जोड मिळाली की काय होते, हे गोव्याने त्याआधीच पाहिले होते. जेझुइट पाद्री थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले. ओवीछंदातील हे काव्य मराठीच्या ऐश्वर्यावर प्रेम करणाऱ्याने लिहिले, याविषयी शंका नाही. पण त्याच्या आगेमागे देवळे पाडली जात होती आणि १५६० पासून इन्क्विझिशन न्यायनिवाडे करीत होते. मराठी मनातील संशयाचे एक मूळ येथे आहे. तो दुराग्रह म्हणून उडवून लावणे न्यायाचे नाही.

आजच्या भारतीय कायद्यातही हाच ताण दिसतो. संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने धर्म मानण्याच्या व आचरण्याच्या हक्काबरोबर धर्मप्रसाराचाही हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात स्पष्ट केले की प्रसार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वे मांडणे. दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही. ख्रिस्ती धर्मशास्त्राचा विचार येथे न्यायालयाहून फार दूर नाही. सांगणे माणसाचे काम, अंतःकरण वळवणे ईश्वराचे, हे पौलापासून चालत आलेले मत आहे. जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि जागतिक इव्हँजेलिकल संघटना यांनी २०११ साली मिळून काढलेल्या निवेदनात आमिष, फसवणूक आणि बळजबरी यांना सुवार्तेचा विश्वासघात मानले आहे. आचरणात हे सर्वत्र उतरले आहे, असे म्हणणे धाडसाचे होईल.

आता शिष्य कोण, या प्रश्नाकडे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि अहमदनगर येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये अनेक वर्षे सेवा केली. ख्रिस्त विलायती पोशाखात आल्यास मराठी माणूस त्याला ओळखणार नाही, ही त्यांची धारणा होती. म्हणून त्यांनी अभंग रचले, भजन व कीर्तन उपासनेत आणले. १९१७ साली मिशनचे वेतन सोडून त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापला. त्यात येशूच्या बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही शिष्यांना एकत्र जागा होती. ग्रीक वाक्यातले मुख्य क्रियापद त्यांनी जणू अक्षरशः घेतले, आणि सहकारी मिशनऱ्यांना ते पेलणे सोपे नव्हते. दरबाराला जेमतेम दोन वर्षे मिळाली. १९१९ मध्ये टिळक गेले.