डावा रूळ की उजवा? ‘ट्रायल बाय ट्रॉली’ हा पत्त्यांचा खेळ

आजच्या भागात एक पत्त्यांचा खेळ समजून घेऊ. यात राजा-राणी नाहीत, हुकूम नाही, पैसे नाहीत. प्रश्न एकच : दोन वाईट गोष्टींपैकी कमी वाईट कोणती? आपल्याकडे याला ‘इकडे आड, तिकडे विहीर’ म्हणतात. या खेळात आड आणि विहीर दोन्ही पत्त्यांवर लिहिलेले असतात आणि एकात तरी उडी मारावीच लागते.

खेळाचं नाव ‘ट्रायल बाय ट्रॉली’. ‘सायनाइड अँड हॅपिनेस’ नावाच्या इंग्रजी चित्रमालिकेवाल्यांचा हा खेळ 2020 मध्ये बाजारात आला. 3 ते 13 जण खेळू शकतात. ही चर्चा पहाडगंजमध्ये करायला मजा येते, कारण नवी दिल्ली स्टेशन शेजारी आणि रूळ रोजचेच. मेन बाजारातल्या हॉटेलांत देशोदेशीचे प्रवासी उतरतात आणि अनोळखी माणसांना अर्ध्या तासात बोलतं करायला असे खेळ फार उपयोगी पडतात. याच पहाडगंजमध्ये नूतन मराठी विद्यालय आहे, बृहन्महाराष्ट्र भवन आहे. म्हणून उदाहरणं दिल्लीकर मराठी माणसाचीच घेऊ.

एक भिडू गाडीचा चालक होतो. बाकीच्यांचे दोन गट : डावा रूळ आणि उजवा रूळ. गाडीचा ब्रेक निकामी झालाय आणि ती कोणत्या तरी एका रुळावर जाणारच.

पत्ते तीन प्रकारचे. पहिला प्रकार निष्पापांचा. प्रत्येक गट हातातल्या पत्त्यांमधून एक निवडून आपल्याच रुळावर ठेवतो, म्हणजे चालकाला त्या रुळावर गाडी घालवू नये. समजा, डाव्या गटाने ठेवलं : ‘दर दिवाळीला पुण्याहून सगळ्या मजल्यासाठी बाकरवडी आणणारे शेजारचे काका.’ उजव्या गटाने ठेवलं : ‘पहिल्यांदाच एकटी शाळेला निघालेली पहिलीतली मुलगी.’

दुसरा प्रकार अपराध्यांचा. हा पत्ता समोरच्यांच्या रुळावर टाकायचा. मुलीच्या शेजारी येऊन उभा राहतो ‘रात्री दोन वाजता गच्चीवर डीजे लावणारा इसम’. काकांच्या शेजारी येतो ‘तुमच्या आरक्षित बर्थवर पाय पसरून, उठवलं तर भांडणारा प्रवासी’.

तिसरा प्रकार शेपटाचा. हा कुठल्याही पत्त्याला जोडायचा आणि अर्थ फिरवायचा. डाव्या गटाने डीजेवाल्याला शेपूट लावलं : ‘...आणि उद्या तुमच्या घरात येणारा जावई’. आता चालकाच्या मनात गाडी उजवीकडे वळवायचा मोह आला की नाही?

मग होते खरी गंमत. दोन्ही गट वकिली करतात. आमचा रूळ का वाचवावा, समोरचा का जावा. सगळं ऐकून चालक निर्णय देतो. ज्या रुळावरून गाडी जाते, त्या गटातल्या प्रत्येकाला मृत्यूचा एकेक शिक्का मिळतो. चालक बदलत राहतो आणि शेवटी ज्याच्याकडे सर्वांत कमी शिक्के तो जिंकतो.

आता बघा, इथे बरोबर उत्तर नाहीच. चालकाला पटवायचं आहे, आणि चालक दर डावाला वेगळा. एकीला संख्या मोजायची असते, दुसऱ्याला लहान मूल दिसलं की पुढचं काही ऐकू येत नाही, तिसरा बाकरवडीवर विरघळतो. वर्षानुवर्षं ओळखीच्या माणसाचा तराजू कसा आहे, ते एका डावात कळतं.

घरी पत्ते बनवायचे तर कोऱ्या पुठ्ठ्यावर बनवा, फक्त एक पथ्य पाळा : दोन्ही पारडी सारखी हवीत. ‘दहा माणसं की एक डास’ यात खेळ नाही. टेबलाची दोन तटांत वाटणी झाली तर पत्ता चांगला.

मुळात ही कल्पना आली तत्त्वज्ञानातून. 1967 मध्ये फिलिपा फूट या ब्रिटिश विदुषीने एका निबंधात ताबा सुटलेल्या ट्रामचं उदाहरण दिलं : एका रुळावर पाच कामगार, दुसऱ्यावर एक. चालकाने काय करावं? पुढे अमेरिकेतल्या ज्युडिथ जार्व्हिस थॉमसन यांनी त्याला ‘ट्रॉली प्रॉब्लेम’ हे नाव दिलं आणि प्रश्न चालकाकडून सांध्याजवळ उभ्या असलेल्या त्रयस्थाकडे नेला. त्या माणसाने सांधा बदलला तर पाच वाचतात, एक मरतो. तसं करायला हरकत नाही, असं बाईंचं मत होतं. पण 2008 मध्ये त्यांनी स्वतःचंच मत बदललं. त्यांनी तिसरा रूळ जोडला आणि त्यावर त्रयस्थालाच उभं केलं. गाडी स्वतःवर वळवायची तुमची तयारी नसेल, तर तुमच्या वतीने ती दुसऱ्या एकट्यावर वळवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला, असा तो मुद्दा.

आपल्या वेताळपंचविशीतही हेच आहे. राजा बोलला तर प्रेत निसटून पुन्हा झाडावर, आणि उत्तर माहीत असून गप्प बसला तर डोक्याची शकलं. दोन्हीकडून कोंडी. पण शेवटच्या कोड्याला राजाला खरोखरच उत्तर सुचत नाही. तो गप्प राहतो आणि वेताळ प्रसन्न होतो. तिथेही तिसरी वाट निघाली.

आता पहाडगंजची एक खरी तारीख सांगतो. 29 ऑक्टोबर 2005, दिवाळीच्या तोंडावरचा शनिवार. संध्याकाळी मेन बाजारात स्फोट झाला, सरोजिनी नगरच्या बाजारातही झाला. त्या दिवशी दिल्लीत 60हून अधिक माणसं गेली. गोविंदपुरीत डीटीसीच्या एका बसमध्ये बेवारस पिशवी सापडली. बस थांबवली, प्रवाशांना उतरवलं आणि चालकाने ती पिशवी उचलून दूर फेकायचा प्रयत्न केला. स्फोट झाला. प्रवासी वाचले, चालकाची दृष्टी कायमची गेली. खेळातल्या चालकापुढे दोनच रूळ असतात. या चालकाने तिसरा घेतला आणि त्यावर तो स्वतः उभा राहिला.

हे सांगण्याची कारणं दोन. पहिलं खेळापुरतं. पत्त्यावरचं संकट अशक्य असतं म्हणून हसू येतं. समोर बसलेल्यांपैकी कुणाच्या घरात ते घडलेलं असेल तर हसू येत नाही. म्हणून डाव सुरू होण्याआधीच एक नियम ठरवा : कुणीही, कारण न सांगता, पत्ता बाजूला ठेवू शकतो. ‘का रे, काय झालं?’ असं विचारायचं नाही. नवा पत्ता उचलायचा आणि डाव पुढे न्यायचा. पहाडगंजमध्ये खेळताना बाजारातल्या बॉम्बचा पत्ता मी गड्डीत ठेवणार नाही.

दुसरं कारण खेळाबाहेरचं. ‘तिसरा पर्याय नाही’ हा खेळाचा नियम आहे, आणि तो पत्त्यांबरोबर डब्यात बंद करून ठेवायचा असतो. घरात, कचेरीत, निवडणुकीत कुणी तुमच्यासमोर दोनच वाईट पत्ते टाकले आणि म्हणालं, ‘पटकन सांग, हे की ते?’ तर आधी विचारा : गड्डी कुणी पिसली? ब्रेक खरंच निकामी आहे का? बरेचदा तो चालू असतो, फक्त कुणी दाबून पाहिलेला नसतो. आणि कधी खरोखरच दोन रूळ उरतात. तेव्हा निदान इतकं तपासा की आपण निवडलेल्या रुळावर उभं कोण आहे, आणि आपण स्वतः कुठे उभे आहोत.

तर या रविवारी चार डोकी जमवा, पत्ते पिसा, भरपूर वकिली करा.