रिपोर्ट वाचताना – ९ : केसांची गोळी, कोळंबी आणि रक्तातला आकडा

मागच्या आठवड्यात आपण साखर आणि कोलेस्टेरॉल पाहिलं. ही द्रव्यं रक्तात भरपूर असतात, मिलिग्रॅममध्ये मोजता येतात, आणि ती मोजण्याची रसायनं शंभर वर्षांपासून माणसाच्या हाताशी आहेत. आज ज्यांच्याबद्दल बोलायचं आहे, ती संप्रेरकं, म्हणजे हार्मोन्स, यांचं प्रमाण अगदीच वेगळं आहे. थायरॉइडचं मोकळं टी-फोर रक्तद्रवाच्या एका मिलिलिटरमध्ये साधारण दहा पिकोग्रॅम सापडतं. एक पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. इतकं थोडं द्रव्य हजारो प्रथिनांच्या गर्दीतून वेगळं काढून मोजायचं, तेही एका सकाळी शेकडो नमुन्यांमधून. हे जमतं कसं ते एकदा समजलं, की रिपोर्टवरचा आकडा कधी फसतो तेही समजतं.

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात १९५० च्या दशकात रोझलिन यॅलो ही भौतिकशास्त्रज्ञ आणि सॉलोमन बर्सन हा डॉक्टर मधुमेहींवर काम करत होते. इन्सुलिनची इंजेक्शनं घेतलेल्या रुग्णांच्या रक्तात किरणोत्सारी खूण लावलेलं इन्सुलिन अपेक्षेपेक्षा जास्त काळ टिकतं, असं त्यांना दिसलं. शरीरानं बाहेरच्या इन्सुलिनविरुद्ध प्रतिपिंडं तयार केली होती आणि ती त्याला धरून ठेवत होती. इन्सुलिनसारख्या लहान रेणूविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, हे त्या काळच्या तज्ज्ञांना पटेना. यॅलो आणि बर्सन यांचा शोधनिबंध आधी परत आला. यॅलो यांनी ते नकाराचं पत्र जपून ठेवलं आणि पुढे नोबेल व्याख्यानात दाखवलं. पण खरी कमाल पुढची आहे. प्रतिपिंड जर इन्सुलिनला इतकं नेमकं ओळखतं, तर त्याचाच उपयोग इन्सुलिन मोजायला का करू नये? प्रतिपिंडं मोजकीच घ्यायची, त्यांत खूण लावलेलं इन्सुलिन आणि रुग्णाचं रक्त एकत्र मिसळायचं. रुग्णाचं इन्सुलिन जितकं जास्त, तितकं खुणेचं इन्सुलिन बाहेर राहणार. १९५९-६० मध्ये ही पद्धत जगापुढे आली. दोघांनी तिचं पेटंट घेतलं नाही. बर्सन १९७२ मध्ये गेले. १९७७ चं नोबेल यॅलो यांना मिळालं.

आजच्या यंत्रांत किरणोत्साराची जागा प्रकाश देणाऱ्या रसायनांनी घेतली आहे. तुमच्या थायरॉइडच्या रिपोर्टवर आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘सीएलआयए’ किंवा ‘ईसीएलआयए’ असं छापलेलं असतं, ते हेच. कल्पना मात्र यॅलो आणि बर्सन यांचीच आहे. मोजण्याचं काम प्रतिपिंड करतं, आणि प्रतिपिंडाच्या कामात कुणी अडथळा आणला तर आकडा चुकतो.

असा अडथळा आज घराघरांत आहे आणि तो औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय येतो. केस गळतात म्हणून घेतलेली बायोटिनची गोळी. मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ३० मायक्रोग्रॅम बायोटिन पुरतं. केस आणि नखांसाठी विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत ते बऱ्याचदा ५ ते १० मिलिग्रॅम असतं, म्हणजे गरजेच्या शेकडो पट. शरीराला त्याचा त्रास होत नाही, पण अनेक यंत्रांमध्ये प्रतिपिंडं जागेवर धरून ठेवण्यासाठी बायोटिनचीच जोडणी वापरलेली असते. रक्तात आधीच बायोटिन भरलेलं असलं तर ती जोडणी होत नाही. मग टीएसएच, म्हणजे थायरॉइडला चालना देणारं हार्मोन, खोटं कमी दिसतं आणि टी-फोर खोटं जास्त. हे चित्र हुबेहूब थायरॉइड अतिसक्रिय झाल्यासारखं असतं. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं २०१७ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. हृदयविकाराच्या ट्रोपोनिन तपासणीलाही हाच धोका आहे, म्हणून तो इशारा अधिक गंभीर.

आता क्रम पाहा. बाईचे केस गळतात. ती बायोटिन सुरू करते. महिन्यानं डॉक्टर विचारतात, केस गळतात तर थायरॉइड पाहिलंय का? रक्त दिलं जातं. ज्या तक्रारीसाठी ही तपासणी हवी, त्याच तक्रारीवरची गोळी ती तपासणी बिघडवते. नमुना घेणारी व्यक्ती ‘उपाशी आहात ना?’ एवढंच विचारते. ‘केसांसाठी काही घेता का?’ हाही प्रश्न तितक्याच सवयीनं विचारला गेला पाहिजे, असं मला फार कळकळीनं वाटतं. तो कुणी विचारला नाही तर आपणच सांगावं. किमान दोन दिवस गोळी थांबवून दिलेला नमुना बहुतेकांच्या बाबतीत पुरतो. खूप मोठा डोस घेणाऱ्यांनी किती दिवस थांबायचं ते डॉक्टरांना विचारावं.

वेळेचंही तसंच आहे. कॉर्टिसॉल सकाळी आठच्या सुमारास चढलेलं असतं आणि मध्यरात्री तळाला जातं. दुपारी तीनला काढलेल्या एकट्या आकड्यावरून सहसा काहीच ठरवता येत नाही. पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन सकाळीच पाहायचं आणि कमी आलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा, मगच बोलायचं. टीएसएच रात्री वाढतं आणि दुपारी उतरतं. थायरॉइडच्या गोळीचा डोस बदलल्यावर ते स्थिरावायला सहा आठवडे लागतात. पंधराव्या दिवशी घाईनं काढलेला रिपोर्ट जुन्या आणि नव्या डोसच्या मधलं काहीतरी दाखवतो. गरोदरपणाच्या पहिल्या तिमाहीत टीएसएच आपोआप खाली येतं, म्हणून तिथल्या मर्यादा वेगळ्या.

आणि त्या मर्यादा, म्हणजे आकड्याच्या शेजारी छापलेला ‘नॉर्मल’चा पट्टा? तो बहुतेक तपासण्यांत निरोगी माणसांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचा असतो. म्हणजे विसातला एक धडधाकट माणूस व्याख्येनंच पट्ट्याबाहेर पडतो. सवलतीतल्या ‘फुल बॉडी’ पॅकेजमध्ये एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या असल्या, तर पूर्ण निरोगी माणसाचाही एखादा आकडा ठळक अक्षरांत येण्याची शक्यता ६४ टक्के आहे. तो ठळक आकडा मग घरातल्या सगळ्यांची झोप घालवतो.

अ‍ॅलर्जीच्या तपासणीत हीच यंत्रं असतात, पण भूमिका उलटी. हार्मोनच्या वेळी प्रतिपिंड हे मोजण्याचं साधन होतं. इथे प्रतिपिंडच मोजायचं आहे.

या कथेची सुरुवात १९२१ ची. ब्रेस्लाऊमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्स्वाफ शहरात, हाइन्झ क्युस्टनर नावाच्या डॉक्टरला शिजवलेला मासा खाल्ला की त्रास व्हायचा. त्याचा सहकारी कार्ल प्राउसनिट्स यानं क्युस्टनरच्या रक्तातला द्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. प्राउसनिट्सला माशाचा त्रास कधीच नव्हता, तरी तिथे गांधी उठली. त्रास रक्तातल्या कुठल्यातरी पदार्थातून येतो, हे एका माणसानं स्वतःच्या कातडीवर सिद्ध केलं. तो पदार्थ नेमका कोणता हे कळायला पुढे ४५ वर्षं गेली. अमेरिकेत किमिशिगे आणि तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमध्ये योहान्सन आणि बेनिच, असे दोन गट स्वतंत्रपणे तिथे पोहोचले. १९६८ मध्ये त्या प्रतिपिंडाला आयजीई हे नाव मिळालं.

आज लॅबमध्ये एकेका पदार्थाविरुद्धचं आयजीई मोजतात, किंवा त्वचेवर अर्काचा थेंब ठेवून हलकेच टोचतात आणि पंधरा-वीस मिनिटांनी फोड किती मोठा झाला ते पाहतात. निव्वळ सलाइनच्या थेंबापेक्षा तो ३ मिलिमीटर मोठा असला तर पॉझिटिव्ह. त्वचेच्या चाचणीआधी सेट्रिझिनसारखी गोळी आठवडाभर बंद ठेवावी लागते. रक्ताच्या चाचणीला त्याची गरज नाही.

पण पॉझिटिव्ह म्हणजे काय? शरीरानं त्या पदार्थाविरुद्ध आयजीई बनवलं आहे, इतकंच. तो पदार्थ खाल्ल्यावर त्रास होतोच, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. हा फरक कागदावर बारीक वाटतो, पण किती मोठा आहे ते आपल्या शेजारच्या कर्नाटकात दिसलं. बेंगळुरू आणि म्हैसूर इथल्या प्रौढांवरचा मोठा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. कुठल्या ना कुठल्या खाद्यपदार्थाविरुद्धचं आयजीई २६.५ टक्के लोकांत सापडलं. खाल्ल्यावर खरोखर लक्षणंही दिसतात, अशी संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जी होती १.२ टक्के लोकांना. बाकीचे सगळे आनंदानं जेवत होते. त्यांच्या हाती रिपोर्ट दिला असता, तर त्यांतल्या कितीजणांनी ताटातलं काय काय काढून टाकलं असतं?

कोकणातल्या आणि मुंबईतल्या वाचकांसाठी कोळंबीचं उदाहरण सांगतो. कोळंबीच्या मांसात ट्रोपोमायोसिन नावाचं प्रथिन असतं. धुळीतल्या सूक्ष्म किड्यांत आणि झुरळांतही त्याच घडणीचं प्रथिन असतं. दमट हवेतल्या गाद्या-उश्यांमध्ये हे किडे वाढतात. ज्याला धुळीची अ‍ॅलर्जी आहे, सकाळी उठल्यावर वीस शिंका येतात, त्याच्या रक्तातलं किड्यांविरुद्धचं आयजीई लॅबमध्ये कोळंबीलाही चिकटू शकतं. रिपोर्टवर ‘कोळंबी : पॉझिटिव्ह’. लहानपणापासून कोळंबीचं कालवण खाऊन ज्याला कधी खाजसुद्धा आली नाही, त्याला तो कागद दाखवून कोळंबी बंद करायला सांगणं चूक आहे. उलट, कोळंबी खाल्ल्यावर अर्ध्या तासात ज्याचे ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, आवाज बसला, त्याच्यासाठी तोच पॉझिटिव्ह निदान पक्कं करतो. आकड्याचा मोठेपणा त्रासाची शक्यता सांगतो, तीव्रता नाही. कमी आयजीई असलेल्या माणसालाही जिवावर बेतणारा झटका येऊ शकतो.

म्हणून काय खाल्लं, किती खाल्लं, किती वेळानं काय झालं, दर वेळी होतं का, त्या दिवशी व्यायाम किंवा वेदनाशामक गोळी होती का, हे प्रश्न सुईच्या आधी यायला हवेत. शंका ज्या पदार्थाची, त्याचीच तपासणी.

याच्या अगदी विरुद्ध टोकाला सध्या खपणारं ‘फूड इनटॉलरन्स पॅनेल’ आहे. शंभर-दोनशे पदार्थांची लाल-पिवळ्या-हिरव्या रंगांतली यादी. यात बहुधा आयजीई नव्हे, आयजीजी मोजलेलं असतं. आयजीजी हे वेगळ्या प्रकारचं प्रतिपिंड, ओळखीचं चिन्ह आहे. जे आपण रोज खातो त्याविरुद्ध ते सापडतंच. युरोपच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेनं २००८ मध्येच स्पष्ट सांगितलं, की अन्नाचा त्रास ओळखायला ही तपासणी वापरू नये. तरीही तिच्या भरवशावर लहान मुलांचं दूध, अंडं, गहू, शेंगदाणे एकदम बंद होतात आणि वाढीच्या वयात प्रथिनं आणि कॅल्शियम तुटतं. हे वाचून कुणाला राग आला तर मला तो रास्तच वाटेल.

विनाकारण टाळण्याचा तोटा फक्त पोषणाचा नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनच्या एका चाचणीत तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेली ६४० बाळं होती. निम्म्यांना शेंगदाणा वर्षभराच्या आतच सुरू केला, निम्म्यांना पूर्ण टाळायला सांगितला. पाचव्या वर्षी टाळणाऱ्यांपैकी १७.२ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती, खाणाऱ्यांपैकी ३.२ टक्के मुलांना. (ही सुरुवात वैद्यकीय देखरेखीखाली झाली होती. तीव्र इसब असलेल्या बाळावर घरी प्रयोग करू नये.)

शंका उरलीच तर शेवटची कसोटी अगदी साधी आहे. रुग्णालयात, अ‍ॅड्रिनलिनचं इंजेक्शन तयार ठेवून, तो पदार्थ कणभरापासून वाढवत, दर पंधरा ते तीस मिनिटांनी खायला देतात आणि पाहत बसतात. वेळखाऊ आहे, अर्धा दिवस जातो, पण आज जगात यापेक्षा खात्रीची तपासणी नाही.

दूध पचत नाही म्हणून पोट फुगणं हा प्रकार मात्र अ‍ॅलर्जीचा नाही. तिथे लॅक्टेज हे विकर कमी असतं आणि आयजीई तपासून काहीच हाती लागत नाही.

पुढच्या लेखांकात गव्हाचा सीलिअ‍ॅक आजार. ज्यांची त्यासाठी टीटीजी प्रतिपिंडांची तपासणी ठरली आहे त्यांना आत्ताच सांगून ठेवतो: रक्त देईपर्यंत पोळी बंद करू नका. गहू पोटात जात असेल तरच ती प्रतिपिंडं रक्तात टिकतात. आधीच सोडला, तर आजार असूनही रिपोर्ट निगेटिव्ह येऊ शकतो.