कुत्रा सांभाळा, पण दर ठरवून

मे महिन्यात, दिवाळीत चिपळूणची कुटुंबे मुंबईला मुलांकडे जातात. मागे दारातला कुत्रा राहतो. मग शेजारच्या पोराला "जरा भाकरी टाक रे" म्हणून सांगितले जाते. आमचे म्हणणे असे, की हेच काम दर ठरवून केले, तर कॉलेज सांभाळून आपल्या तरुणांना चार पैसे मिळतील.

भांडवल थोडेच : एक मजबूत पट्टा आणि एक वही. फिरवणे सकाळी लवकर व ऊन उतरल्यावर. तापल्या डांबराने पंजे भाजतात. रेबीजची लस टोचल्याचे कार्ड पाहिल्याशिवाय कुत्रा स्वीकारू नये. चावलाच, तर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटे धुवावी व लगेच दवाखाना गाठावा.

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी शहरात शिरले, ते आपण विसरलेलो नाही. म्हणून पावसाळ्यात घराची किल्ली घेतानाच विचारावे, पाणी चढले तर कुत्रा कुठे न्यायचा? तळमजल्यावर साखळीने बांधून कधीही जाऊ नये.

दर, दिवस, खाणे, डॉक्टरांचा नंबर वहीत लिहून मालकाची सही घ्यावी. फुकट राबणे आपल्या वाडवडिलांनी पुष्कळ केले. आता दाम आधी ठरले पाहिजे.