बाई, तुम्ही लिहिता का?

पेपर तपासून झाले, निकालपत्रकं भरून झाली, की मे महिन्यात शिक्षिकांना जरा श्वास घ्यायला मिळतो. तोही पुरता नाहीच. कुरडया-पापड, माहेरचं लग्न, मतदारयादीचं काम, आणि त्यातच प्रशिक्षणाचा आदेश. तालुक्याच्या गावी जायचं, सही करायची, साहेब सांगतील ते वहीत उतरवून घ्यायचं आणि संध्याकाळची एसटी गाठायची. घरी कुणी विचारलंच, "काय शिकवलं गं?" तर सांगण्यासारखं फारसं काही नसतं.

अमेरिकेत शिक्षकांच्या सुट्टीतल्या प्रशिक्षणाची एक वेगळीच तऱ्हा गेली पन्नास वर्षं चालू आहे. प्रशिक्षण आहे फक्त लेखन शिकवण्याचं. म्हणजे आपल्या भाषेत, निबंधाच्या तासाचं!

सुरुवात झाली १९७४ साली, सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कली इथल्या विद्यापीठात. राज्यातली निवडक हुशार मुलं तिथे प्रवेश घ्यायची, पण त्यांतल्या जवळजवळ निम्म्या मुलांना धड चार परिच्छेद लिहिता येत नाहीत म्हणून वेगळा वर्ग लावावा लागायचा. पुढच्याच वर्षी 'न्यूजवीक' साप्ताहिकानं 'जॉनीला लिहिता का येत नाही?' अशी मुखपृष्ठकथा छापली आणि देशभर ओरड झाली. आपल्याकडे जशी होते तशीच. दोष कुणाचा? शाळेचा, टीव्हीचा, आणि शेवटी अर्थातच बाईंचा.

बर्कलीच्या जेम्स ग्रे यांनी मात्र बाईंना दोष दिला नाही. ते स्वतः सॅन लिआंड्रो गावच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवलेले गृहस्थ. वरून कुणी तज्ज्ञ येतो, भाषण करतो आणि निघून जातो, या प्रकारानं वर्गात काही बदलत नाही, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. त्यांचं म्हणणं असं, की आसपासच्या शाळांत उत्तम शिकवणारे शिक्षक आहेतच. त्यांनाच उन्हाळ्यात एकत्र बोलवा आणि एकमेकांना शिकवू द्या. 'बे एरिया रायटिंग प्रोजेक्ट' असं या उपक्रमाचं नाव. तो इतर राज्यांत पसरला, तेव्हा त्याचा 'नॅशनल रायटिंग प्रोजेक्ट' झाला.

ग्रे यांची दुसरी अट जास्त अवघड होती. लेखन शिकवणाऱ्यानं स्वतः लिहायचं.

आता बघा ना, गाण्याच्या बाई स्वतः गातात. शिवणाच्या क्लासच्या बाई मशीनवर बसतात. चित्रकलेचे सर फळ्यावर दोन रेघांत मोर काढून दाखवतात. निबंधाच्या बाईंनी मात्र शेवटचा निबंध कधी लिहिलेला असतो? बहुधा स्वतःच्या परीक्षेत! आणि तरी 'पावसाळ्यातील एक दिवस'वर लाल शेरा मारायचा अधिकार आपलाच. हे काही बाईंच्या आळसामुळे नाही. पन्नास-साठ वह्या, माध्यान्ह भोजनाचे हिशेब आणि घरचं सगळं सांभाळून 'तुम्हीही लिहा' असं त्यांना कुणी कधी म्हटलंच नाही.

मूळच्या पद्धतीत हा उन्हाळी वर्ग साधारण पाच आठवड्यांचा. शिक्षकांना आदेशानं पाठवायचं नाही, मुलाखत घेऊन आमंत्रण द्यायचं. बालवाडीच्या बाई, हायस्कूलचे सर आणि कॉलेजचे प्राध्यापक एकाच टेबलाभोवती बसतात. कुणी मोठं नाही, कुणी छोटं नाही. सकाळी एकीनं आपल्या वर्गात चाललेला एखादा पाठ घ्यायचा. तोही 'मी असं शिकवते' हे नुसतं सांगून नाही, खरोखर घेऊन. बाकीचे विद्यार्थी होतात, वही काढतात, लिहितात. मग चर्चा, प्रश्न, आणि हे का चालतं याचा विचार.

दुपारी चार-पाच जणांचे गट करायचे. आपण लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवायचं. विषय आपला आपण निवडायचा. आईचं आजारपण, सोडून आलेलं गाव, पहिल्या नोकरीचा पहिला दिवस. ऐकणाऱ्यांनी गुण द्यायचे नाहीत. कुठलं वाक्य मनात राहिलं, कुठे आणखी ऐकायला आवडलं असतं, कुठे अर्थ लागला नाही, एवढंच सांगायचं.

वाचायला सोपं वाटतं, पण वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसालाही आपला कागद दुसऱ्यापुढे धरताना घाम फुटतो. 'मला काही लिहिता येत नाही हं' हे वाक्य आधीच पुढे येतं. आपल्या वर्गातली तिसऱ्या बाकावरची मुलगी वही झाकून का बसते, हे त्या क्षणाला कळतं. माझ्या मते या प्रशिक्षणातलं खरं शिकणं हेच. ते कुठल्याही व्याख्यानातून मिळणार नाही.

याच सुमाराची आणखी एक बाई मला फार आवडते. मिना शॉनेसी. न्यूयॉर्कच्या सिटी कॉलेजमध्ये १९७० पासून सगळ्यांना प्रवेश खुला झाला आणि गरीब घरांतली, लिहिण्याची सवय नसलेली मुलं आली. इतरांनी कपाळाला हात लावला. शॉनेसीबाईंनी अशा मुलांचे सुमारे चार हजार निबंध वाचून काढले आणि १९७७ साली पुस्तक लिहून दाखवून दिलं, की या चुका बेशिस्त नाहीत. प्रत्येक चुकीमागे मुलाचं काहीतरी तर्कशास्त्र असतं. घरी अहिराणी किंवा मालवणी बोलणाऱ्या मुलाच्या वहीत आपण सरसकट लाल रेघा ओढतो, तेव्हा त्याचं ते तर्कशास्त्र आपण विचारतो का?

तर १९९१ पासून अमेरिकेचं केंद्र सरकार या प्रकल्पाला थेट पैसे देऊ लागलं आणि केंद्रं दोनशेच्या आसपास गेली. २०११ साली खर्चकपातीत ती मदत बंद झाली. काही केंद्रं मिटली, काहींनी वर्गाचे आठवडे कमी केले, बाकीच्यांनी विद्यापीठांच्या आणि देणग्यांच्या आधारावर तग धरला. पुढे प्रकल्पाचा एक कार्यक्रम दहा राज्यांतल्या ग्रामीण, गरीब भागांत दोन वर्षं राबवला गेला. २०१५ साली त्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सातवी ते दहावीची मुलं आपलं म्हणणं पुराव्यानिशी मांडायला जास्त चांगली शिकल्याचं त्यात दिसलं. शहरातल्या बड्या शाळांची नव्हे हं ही गोष्ट, आडगावच्या शाळांची.

आपल्याकडे २०२० च्या शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलं आहे. त्यातले किती तास ऐकण्यात जातील आणि किती लिहिण्यात, देव जाणे. पण तोवर थांबायचं कशाला? एका शाळेतल्या किंवा एका आळीतल्या तीन-चार शिक्षिकांना हे एका दुपारी जमेल. प्रत्येकीनं कोरा कागद घ्यायचा. मार्चमध्ये मुलांना दिलेलाच विषय घ्यायचा, 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत' असलं तरी चालेल. वीस मिनिटं लिहायचं. गाईड उघडायचं नाही, खाडाखोड झाली तरी कागद बदलायचा नाही. मग एकमेकींना वाचून दाखवायचं.

पहिल्यांदा कुणी वाचायचं, ते मात्र आधीच चिठ्ठ्या टाकून ठरवा.